पोहनेरात पोहनेरकर शोधू नका

२०२५ च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी एक निर्णय घेतला. जिल्ह्यातील पोलिसांनी एकमेकांना केवळ पहिल्या नावाने हाक मारावी. छातीवरील नामपट्टीवर आणि टेबलावरील पाटीवर आडनाव असू नये. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला होता. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात माणूस काय बोलतो हे ऐकण्याआधी त्याचे आडनाव ऐकले जाऊ लागले, आणि तेवढ्यावरून तो कोणत्या बाजूचा हे ठरवले जाऊ लागले.

नेमक्या त्याच महिन्यांत माझ्या फोनवर तक्त्यांचा पाऊस पडत होता. ‘आपल्या आडनावाचा देदीप्यमान इतिहास’. रकाने ठरलेले: आडनाव, मूळ वंश, गादी, गोत्र, देवक, निशाणाचा रंग. खाली इतिहासाच्या एखाद्या पानाचे बोधचिन्ह आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. पोलिसांच्या छातीवरून उतरलेले आडनाव इतिहासप्रेमींच्या पडद्यावर असे सोनेरी अक्षरांत झळकत होते.

हा धागा त्या तक्त्यांविरुद्ध आहे. लांब आहे, सवडीने वाचा. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, बीड जिल्ह्यातली आहे, आणि माझे आडनाव येथे मुद्दाम लिहीत नाही.

प्रथम एक घरगुती पुरावा. माझ्या पणजोबांना दोन मुलगे. धाकटा गावीच राहिला. जमिनीच्या कागदांवर त्याच्या नावापुढे भावकीचे जुने आडनाव लागले. थोरला तालुक्याच्या गावी शिकायला गेला. तेथील मास्तरांनी पटावर त्याच्या गावाच्या नावाला ‘कर’ जोडून टाकला. आज त्या दोन सख्ख्या भावांच्या नातवंडांची आडनावे दोन आहेत. गेल्या वर्षी आमच्या एका चुलतभावाने तो तक्ता पाहून लग्नपत्रिकेवर थेट चालुक्यांचा वंश छापला. दुसऱ्या शाखेचे आडनाव तक्त्यात नव्हतेच. म्हणजे एकाच पणजोबांचे अर्धे नातू चालुक्य ठरले आणि उरलेले निर्वंश! जेवणावळीत यावर सगळे हसले. पत्रिका मात्र कोणी परत घेतली नाही.

तक्ते बनवणारे एक युक्तिवाद हमखास करतात: ‘इंग्रज लोक आपल्या आडनावाचा नकाशा काढतात, त्यावरून मूळ गाव शोधतात, मग आम्ही का नाही?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरेने स्थिरावण्याची प्रक्रिया चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतांश पूर्ण झाली होती. पुढे सोळाव्या शतकापासून चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद होत राहिली. शिवाय १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेतील व्यक्तिशः नोंदी उपलब्ध आहेत. त्यामुळे एखादे दुर्मिळ आडनाव घेतले की १८८१ मध्ये ते कोणत्या परगण्यात दाटीने आढळते, हे नकाशावर दिसते. अनेकदा ती दाटी उगमाच्या आसपासच असते.

यात ‘दुर्मिळ’ हा शब्द कळीचा आहे. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटिश आडनावे आणि पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र यांचा संबंध तपासला. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांत एकच वंशप्रकार सापडला, म्हणजे बहुधा एकच मूळ पुरुष. स्मिथमध्ये असे काहीच दिसले नाही. लोहार गावोगावी होते, म्हणून स्मिथही गावोगावी स्वतंत्रपणे निर्माण झाले. त्याआधी, २००० साली, ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाची तपासणी केली होती. एक समान वंशप्रकार निम्म्याहून थोड्या कमी पुरुषांत निघाला. उरलेल्यांत दत्तक, विवाहबाह्य संतती, आडनावाचा बदल असे सगळे आले. कागदांची इतकी मोठी परंपरा असलेल्या देशात, एका विरळ आडनावाबाबत, ही स्थिती. आमचे तक्ते मात्र जाधव, मोरे, शिंदे, पवार अशा लाखो माणसांच्या आडनावांना एकेक मूळ पुरुष बहाल करतात. हे म्हणजे सगळ्या स्मिथांना एका लोहाराचे वंशज म्हणणे झाले.

आता आपल्याकडे या. अंबाजोगाईत यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित तेराव्या शतकातील शिलालेख आहेत. माणसे तेथे ओळखली जातात ती स्वतःच्या नावाने आणि वाडवडिलांच्या नावांनी. त्याच गावात ज्यांची समाधी दाखवतात त्या मुकुंदराजांचे आडनाव कोणी सांगावे? सोळाव्या शतकात दासोपंत येतात. त्यांचे घराणे देशपांड्यांचे. पण ‘देशपांडे’ हा तेव्हा परगण्याचा हिशेब ठेवण्याचा अधिकार होता, वतन होते. वतन गेले तर नाव जाई, वतन मिळाले तर नाव येई.

देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौधरी, पोतदार, इनामदार ही सारी एका अर्थाने हुद्द्यांची यादी आहे. मराठवाड्यात देशमुख आणि पाटील हिंदूंत आहेत तसे मुसलमानांतही आहेत, आणि हिंदूंतही एकाच जातीत नाहीत. निजामाच्या राज्यात सालारजंगाने १८६० च्या दशकात महसुलाची जिल्हाबंदी केली, तेव्हा देशमुख-देशपांड्यांचे खरे अधिकार संपत आले. महसुली पाटीलकी तर महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने रद्द केली. हुद्दा संपला आणि त्याची पाटी दारावर राहिली. तिच्यावरून रक्त वाचणारा इतिहासकार उद्या ‘तहसीलदार’ नावाचाही राजवंश शोधून काढील.

परंतु मला सर्वांत अधिक बोलायचे आहे ते ‘कर’ लागलेल्या विरळ आडनावांविषयी. इंग्रजी दुर्मिळ आडनावांशी त्यांचेच साम्य आहे, आणि फसगतही तेथेच होते.

परळी तालुक्यात गोदावरीच्या काठी पोहनेर नावाचे गाव आहे. मराठवाड्याच्या वाङ्मयव्यवहारात न. शे. पोहनेरकर हे नाव वाचकांना परिचित आहे. आता इंग्रजी नकाशाची रीत वापरून पोहनेरकरांची सर्वाधिक दाटी शोधा आणि तेथे मूळ गाव आहे असे म्हणा. तुम्ही हैदराबादला, संभाजीनगरला, पुण्याला पोहोचाल. पोहनेरला पोहोचणार नाही. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून वेगळे कसे ओळखणार? पोहनेरात सगळेच पोहनेरचे. हे आडनाव जन्माला येते ते माणूस वेस ओलांडून दुसऱ्या गावी स्थिरावतो तेव्हा, आणि ते त्याला बहुधा दुसरे लोक देतात. म्हणून आपल्या ‘कर’ आडनावांच्या नकाशात उगमाच्या जागी सामान्यतः भोक असते. ज्यांना मूळ गावी आपल्या आडनावाची भावकी सापडत नाही म्हणून खंत वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडते. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर, वर्ध्याच्या २०२३ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, महाराष्ट्राला बीडचे म्हणून ठाऊक होते. चपळगाव मात्र सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात आहे. पुण्यातील सत्पुरुष रामानंद बीडकर महाराजांच्या नावात बीड आहे आणि मठ शनिवार पेठेत. नाव एका ठिकाणचे, माणूस दुसऱ्या ठिकाणचा. हे आडनाव जे सांगते ते निघून जाण्याविषयी सांगते. राहण्याविषयी ते गप्प असते.

आणि ते गाव तरी कोणते? आपेगाव म्हटले की वाचकाला पैठणजवळचे, ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे आपेगाव आठवते. पण थोर पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांचे आपेगाव अंबाजोगाई तालुक्यातले. दोन्ही गावांतून बाहेर पडलेली माणसे ‘आपेगावकर’च होणार. त्यांचा परस्परांशी सुतराम संबंध असण्याचे कारण नाही. परळीकर घ्या: एक परळी वैजनाथाची, आमची, दुसरी साताऱ्याजवळची, सज्जनगडाच्या पायथ्याची. आष्टीकर तर विचारूच नका. आष्टी बीडमध्ये आहे, वर्ध्यात आहे, गडचिरोलीत आहे, आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले जेथे पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यात आहे. (ही लढाई बीडच्या आष्टीत झाली असे ठासून सांगणारी एक चित्रफीत मी अलीकडेच पाहिली. असो.)

मग ज्या गावाचे नाव विरळ, त्याचे आडनाव तरी खात्रीचे? धारूरकर पाहा. धारूरचा किल्ला प्रसिद्ध, नाव वेगळे, दुसरे धारूर महाराष्ट्रात चटकन सांगता येणार नाही. पण धारूर तेलंगणात विकाराबादकडेही आहे, आणि १९४८ पर्यंत बीड व विकाराबाद दोन्ही एकाच निजामी राज्यात होते. आजच्या राज्यसीमेवर थांबणारा नकाशा काढला की दुसरे धारूर त्यातून आपोआप गळते, आणि निष्कर्ष मात्र अधिकच ठाम होतो.

शिवाय नाव लावणारा प्रत्येक जण गावातून एकाच घरातून निघाला असेल असेही नाही. एका गावातून तेली निघाला, जोशी निघाला, मृदंग वाजवणारा निघाला; शहराने तिघांनाही एकच नाव दिले. वारकरी परंपरेत तर गावाचे नाव हा मानाचा उपचार असतो. बाबामहाराज सातारकर यांचे मूळ आडनाव गोरे. मंगेशीवरून मंगेशकर हे नाव दीनानाथांनी घेतले, आणि ते आज अवघ्या जगाला ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावावरून आंबडवेकर, आणि पुढे शाळेच्या पटावर आंबेडकर. भारतातील सर्वाधिक आदराने उच्चारल्या जाणाऱ्या आडनावांपैकी एक असे दोन पिढ्यांत घडले. त्याचे मूळ प्राचीन राजवंशात शोधणाऱ्याला आपण काय म्हणू?

शाळेचा पट हा शब्द पुन्हा आला, कारण आपल्या आडनावांचे खरे जन्मस्थान बहुधा तेच आहे. जुन्या महसुली कागदांत व्यक्तीचे नाव, बापाचे नाव, गाव, क्वचित जात एवढे असते. आडनावाचा रकाना आवश्यक वाटलेलाच नसतो. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने निजामकालीन कागद धुंडाळले गेले, तेव्हा मोडी, फारसी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. त्या कामाचे राजकारण येथे बाजूला ठेवू. पण ज्यांनी अशा नोंदी डोळ्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की आजचा माणूस आणि तेव्हाची नोंद यांच्यात आडनावाचा धागा सरळ जुळत नाही. तो नात्यांनी, गावाने, जमिनीच्या तुकड्याने जुळवावा लागतो.

त्यातून लिपीचा गोंधळ वेगळाच. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. उर्दू लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, एक नुक्ता पुसला की अक्षर बदलते. माझ्या आजोबांच्या नावाची जी उर्दू नोंद घरी आहे, ती मी तिघांकडून वाचून घेतली आणि तीन आडनावे हाती आली. सोळंके, सोळुंके, साळुंके, सोलंके ही रूपे आज चार वेगळी आडनावे म्हणून मोजली जातात. कोणत्या कारकुनाने कोणत्या लिपीत ऐकून लिहिले, याचा त्यात किती वाटा आहे हे तपासायला हवे. ‘आमच्या आडनावाची एवढीच घरे उरली’ असे सांगणाऱ्या याद्या असे काही तपासत नाहीत. काही दुर्मिळ आडनावे हे निव्वळ कोणा मुन्शीच्या हस्ताक्षराचे देणे असू शकते.

येथे कोणी म्हणेल, सोळंके हे चालुक्यांशी, जाधव हे यादवांशी, मोरे हे मौर्यांशी भाषिकदृष्ट्या जोडता येत नाही काय? येते. ध्वनिपरिवर्तनाचा तो धागा गंभीर अभ्यासकांनीही मांडलेला आहे आणि मी तो नाकारत नाही. नाकारते ती पुढची उडी. राजवंशाचे नाव त्याच्या सैनिकांनी, आश्रितांनी, त्याच्या प्रदेशातील कुळांनी लावले, उचलले, मिरवले. शब्द कुठून आला याचे उत्तर व्युत्पत्ती देते. तो शब्द आज लावणारा माणूस कोणाच्या पोटी आला, हे सांगण्याचे साधन तिच्यापाशी नाही.

देवकाचेही तसेच. पंचपल्लव, कळंब, मोराचे पीस ही देवके लग्न कोणाशी करू नये हे ठरवण्यासाठी होती. एकच देवक निरनिराळ्या जातींत आढळते. कुलदैवताचेही तसेच. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी आहे. म्हणून ती सारी घराणी अंबाजोगाईहून कोकणात गेली असे एका तक्त्याने जाहीर करून टाकले. भक्तीचा संबंध म्हणजे वास्तव्याचा दाखला, हा नियम लावला तर पंढरपूरची लोकसंख्या किती भरेल?

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला हे तक्ते पाहताच राग येतो. त्यांत बाई नाही. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाला १०२४ पूर्वजांच्या जागा भरायच्या असतात. आडनाव त्यांपैकी एकाच पुरुषाकडे बोट दाखवते आणि १०२३ जणांना पुसून टाकते. माझी आई, तिची आई, तिची आई या ओळीत प्रत्येक बाईचे आडनाव लग्नासरशी बदलले, काहींचे नावही बदलले. त्यांच्यातल्या एकीचेही माहेरचे आडनाव घरात कोणाला सांगता येईना. मी विचारले तेव्हा आजीने गाव सांगितले, आडनाव आठवेना. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव घालणे राज्य शासनाने सक्तीचे केले आहे. शंभर वर्षांनी आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होईल. तोपर्यंत ‘रक्ताचा वारसा’ हा शब्द आडनावापुढे लिहिताना निदान हिशेब तरी करावा.

बीडच्या नकाशात आणखी एक पोकळी आहे. दसऱ्यानंतर आमच्या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पिढ्यान्‌पिढ्या जातात. कारखान्याच्या गावी वर्षातले काही महिने पालात राहतात, तेथेच लेकरे जन्मतात. पण तेथे त्यांना कोणी ‘पाटोदेकर’ किंवा ‘वडवणीकर’ म्हणत नाही. मुकादमाच्या वहीत ते ‘एक कोयता’ असतात, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवायला परगावी दार हवे, दारावर पाटी हवी. आडनावांच्या प्रसाराचा नकाशा म्हणून लोक जो पाहतात, त्यात सर्वाधिक पायपीट करणाऱ्यांची वाटच उमटलेली नसते.

तरीही विरळ आडनावाचा अभ्यास व्हावा असे मला मनापासून वाटते. फक्त तो तक्त्याने होत नाही. आधी त्या नावाची सगळी गावे शोधा, जुन्या हैदराबाद राज्यातली आणि कर्नाटकातलीही. मग घरातील सर्वांत जुना कागद काढा आणि त्यावर आडनाव मुळात आहे का ते पाहा. ते कोणत्या लिपीत आहे, लिहिणारा कोण होता, तेव्हा कुटुंब कुठे होते. आणि म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष वंशावळ सांगतात, बायका कोण कुठून आले ते सांगतात.

स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा हा नेता आडनाव मागे टाकून आमच्या जिल्ह्यात आला होता. ‘मूळ कोणत्या वंशाचे’ या रकान्यात त्यांना कुठे बसवायचे, हे तक्तेवाल्यांनी मला कळवावे.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचा १९५६ पूर्वीचा, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात येण्याआधीचा शाळेचा दाखला असेल तर आज रात्री पेटीतून काढा. आडनावाच्या जागी काय लिहिले आहे ते नाव-गाव झाकून खाली सांगा. उर्दूत असेल तरी चालेल, वाचायला आपण काही जण आहोत.